अँटेना फिरवताना

बोईसर स्टेशनजवळ माझं आणि वसंताचं टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मुंबईचं चित्र आमच्याकडे पोचेपर्यंत पार दमून जायचं. त्यामुळे ऐंशीच्या आसपासची आमची बरीच वर्षं लोकांच्या छपरांवर अँटेना फिरवण्यात गेली. असे किस्से जमवावे लागत नाहीत. कौलांवर चढलं की पँटला धूळ लागते ना, तसे ते आपोआप लागतात!

* * *

मनोरला एका मास्तरांकडे गेलो होतो. मी वर कौलांवर, वसंता खाली टीव्हीपाशी. अँटेना जरा वळवली की मी ओरडायचो, "आलं का?"

वसंता तोंड उघडायच्या आत शेजारच्या स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज, "आलं नाय हो, लसूण हाय! देऊ का?"

* * *

केळव्याच्या एका बागायतदार भाऊंनी अँटेना थेट पोफळीच्या शेंड्याला बांधलेली. वारा सुटला की चित्र गेलं, वारा पडला की आलं.

मी म्हटलं, "भाऊ, लोखंडी पाइप लावू. चित्र हलायचं नाही."

भाऊ आत बघत हळूच म्हणाले, "नको रे. चित्र जातं तेवढ्यात आमची ही माझ्याशी दोन शब्द बोलते!"

* * *

बोईसरच्या एका चाळीत कामगारांनी मिळून टीव्ही घेतला होता. क्रिकेटची मॅच, आणि बूस्टर लावूनही पडद्यावर नुसत्या मुंग्या. वैतागून त्यांच्यातल्या रामसूरतनं अँटेनाची दांडी हातात धरली, तर चित्र एकदम लख्ख! सोडली की गायब. मग काय, बिचारा दांडी धरून पत्र्यावर उभा. खालचे त्याला ओरडून मॅच सांगत होते.

शेवटच्या ओव्हरला त्याचा धीर सुटला. "अरे, हमको भी देखने दो!" म्हणत तो धावत खाली आला. समोर मुंग्या!

बाकीच्यांनी सरकून त्याला जागा दिली, आणि सगळे मिळून मुंग्या बघत बसले.

* * *

घिवलीच्या हिरामावशीचा मुलगा जगन दुबईला नोकरीला होता. टीव्ही त्यानंच घेऊन दिलेला. पण बरेच महिने त्याची काही खबर नव्हती. मावशी कोणाला बोलून दाखवायची नाही, इतकंच.

मे महिन्यातला रविवार, संध्याकाळच्या पिक्चरला सगळी आळी तिच्या घरात जमलेली. चित्र येईना म्हणून मी वर चढलो. फिरवता फिरवता अँटेना समुद्राकडे वळली.

"थांब! हलवू नकोस!" वसंता खालून ओरडला.

उतरून बघतो, तर पडद्यावर लांब पांढरा अंगरखा घातलेला माणूस बातम्या देतोय. अक्षरं अरबी, बोलणं अरबी!

"हा कुठला रं?" मावशीनं विचारलं.

"दुबईच्या बाजूचा दिसतोय, मावशी. उन्हाळ्यात कधी कधी येतं असं."

मावशी पुढे सरकून टीव्हीसमोर बसली. पिक्चर तर सुरू झाला असणार. मी अँटेना फिरवायला उठलो, तर मागून एक कोळीण म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पिक्चर काय, पुढच्या रविवारी लागंल."

सगळी आळी अरबी बातम्या बघत होती. थोड्या वेळानं चित्र थरथरायला लागलं. मावशी घाईघाईनं पडद्यापाशी वाकली आणि त्या बातम्यावाल्याला म्हणाली,

"आमच्या जगनला सांग रे बाबा, इकडं आमी सगळी बरी हाव!"