बेडकाच्या डोळ्यातले कण

साठ सालानंतरची गोष्ट. नंदुरबारच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते आणि आमच्या विभागप्रमुखांच्या हाताखाली पीएच.डी.चं काम करत होते. विषय होता बेडकाच्या डोळ्यातल्या मास्ट पेशी. या पेशींत बारीक कण ठासून भरलेले असतात. साध्या मायक्रोस्कोपखाली त्यांचा नुसता जांभळा ठिपका दिसे. आत काय आहे ते पाहायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हवा होता, आणि तो मुंबईला.

सलग तीन सुट्ट्या मी गेले. ओल्या गोणपाटात बेडूक गुंडाळून, सुरतेला गाडी बदलून. तिथे काचेच्या सुरीने डोळ्याच्या पडद्याचे काप काढायला शिकले. शंभर काप फाटायचे तेव्हा एक धड निघायचा. रसायनाच्या वाफेने माझेच डोळे चुरचुरत. शेवटी फोटो मिळाले. प्रत्येक कण वेगळा, काही गडद, काही आतून विरलेले.

पुढच्या वर्षी एका इंग्रजी नियतकालिकाच्या अंकात यावरचा शोधनिबंध छापून आला. लेखक एकच, विभागप्रमुख. ते एकदाही मुंबईला आले नव्हते.

मी अंक घेऊन त्यांच्या खोलीत गेले. "सर, यात माझं नाव नाही."

"आहे की. शेवटी बघ."

शेवटी आभार होते. बेडूक गोळा करून दिल्याबद्दल.

"काप मी काढले, सर. फोटो मी घेतले."

"तू उद्या लग्न करून जाशील. नाव घेऊन काय करणार आहेस?" आणि ते पेपर तपासू लागले.

घरी वडिलांनी अंक उलटसुलट पाहिला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. "तुन्हं नाव कोठे शे?"

मी आभाराच्या ओळीवर बोट ठेवलं. तिचा अर्थ सांगितल्यावर ते म्हणाले, "मंग फोटो कोन्ही काढात?" मी अंक मिटून ठेवला.

काप काढण्यासाठी डोळ्याचे तुकडे ज्यात बसवले होते, ते उरलेले राळेचे ठोकळे माझ्या कपाटात होते. महिन्याभराने सरांनी ते दुसऱ्या निबंधासाठी मागितले.

"देणार नाही," मी म्हटलं.

"पीएच.डी. विसर मग."

विसरले. ठोकळे घेऊन मुंबईला गेले, तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सांभाळणाऱ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी यंत्रावर वेळ दिला. विरलेल्या कणांवरचा निबंध आम्हा दोघींच्या नावाने आला, माझं पहिलं. पदवी मात्र कधीच मिळाली नाही. सर प्राचार्य होऊन निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांच्या संशोधनाचं कौतुक चाललं होतं, तेव्हा मी उठून बाहेर गेले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.