गुलाबी दगडाची धूळ

आत्याचा खोकला तिसऱ्या महिन्यातही हटेना, तेव्हा मी तिला हाताला धरून एक्स-रे काढायला नेलं. परतताना ती एवढंच म्हणाली, "रिपोर्ट परवा ना? तोवर माझं डोकं खाऊ नकोस."

आत्या बावीस वर्षं गुलाबी गारगोटी घासत होती. कारखान्यात सहा चाकं, खिडकीजवळचं तिचं. मणी, वाट्या, दिव्यांच्या बैठका सगळ्याच बायका करत; गोळे मात्र तिच्याच हातचे. लहानपणी मी विचारायचे, हा दगड गुलाबी का? ती सांगायची, "जमिनीत खोल तापलेला रस सावकाश थिजला की गारगोटी होते. त्यात केसाहून बारीक गुलाबी तंतू अडकले, की असा रंग." चाकूनंही त्यावर ओरखडा उठत नाही, पण उन्हात काही दगड फिके पडतात. म्हणून खिडकी बंद, वर जाड पडदा. आणि घासताना दगडावर पाणी शिंपडलं, तरी शेवटचा हात आत्या कोरडाच फिरवायची; ओल्या दगडाची चकाकी फसवते म्हणे.

ते दोन दिवस ती नळ सोडून खोकायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी भिंतीला कान लावून. मग तिनं एकदम कपाट आवरायला काढलं.

"आत्ताच कशाला?"

"झुरळं झालीत."

एकही झुरळ नव्हतं. कागदपत्रं तेवढी वरच्या कप्प्यात आली, मला दिसतील अशी.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "दगड कोरडे घासता?"

"शेवटचा हात तेवढा," आत्या म्हणाली.

"फुप्फुसांत धूळ बसलीय. हे बारीक ठिपके जाणार नाहीत. वाढतील का, सांगता येत नाही. धूळ मात्र आजपासून बंद."

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात निघाली. परत चाकावर बसेल या धास्तीनं मी मागोमाग गेले. ती बसली नाही. पडदा ओढून काढला, खिडकी उघडली.

मालक धावत आले. "अहो, माल फिका पडेल!"

"माल फडक्यात गुंडाळा. आम्हाला श्वास घ्यायचाय."

बाकीच्या पाच जणींनी चाकं थांबवली. चार दिवस काम बंद राहिलं. मग प्रत्येक चाकावर पाण्याची नळी आली, धूळ ओढणारा पंखा आला. आत्या आता वेगळ्या खोलीत दगड उजेडात धरून आतल्या चिरा शोधते.

दर सहा महिन्यांनी एक्स-रे. दोनदा ठिपके होते तेवढेच निघाले. तिसरा काल काढलाय, रिपोर्ट उद्या.

"भीती वाटते का गं?" मी विचारलं.

"वाटते की," ती म्हणाली, "पण तुझ्याएवढी नाही."