समोर कोण बघत होतं?

विमानतळाच्या काचेपलीकडे एक वैमानिक भर उन्हात आपल्या विमानाभोवती फिरत होता. वाकून त्यानं चाकं बघितली, इंजिनाच्या तोंडाशी मान नेऊन आतली पाती न्याहाळली. उड्डाणाआधीची ही प्रदक्षिणा बघायला मला फार आवडतं.

"इंजिनिअर असणार, तुझ्यासारखा," मी शेजारी बसलेल्या पुतणीला म्हटलं. केतकी आधी इंजिनिअर आणि मग वैमानिक झाली, याचा आमच्या घरात सगळ्यांनाच अभिमान.

"काका, त्या इंजिनिअरिंगपायी मी एकदा विमान पाडलंय."

माझा चहाचा कप तोंडाशीच थांबला.

"प्रशिक्षणात हो, खोट्या कॉकपिटमध्ये," ती म्हणाली. समोर एक लाल दिवा लागला. ती आणि शेजारच्या खुर्चीतला वैमानिक, दोघेही इंजिनिअर. दिवा का लागला ते शोधायला दोघांनी माना खाली घातल्या. विमान हळूहळू खाली येत राहिलं.

"मग बिघाड सापडला?"

"अगदी बरोबर सापडला. तेवढ्यात जमीन आली."

ती सहज बोलून गेली. बिघाड कळला की माणूस वाचतो, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. इथं दोन हुशार डोकी बरोबर उत्तर हातात घेऊन जमिनीवर आदळली होती.

बाहेर त्या वैमानिकानं बैलाला थोपटावं तसं विमानाचं पोट थोपटलं आणि तो जिना चढू लागला. त्याचं शिक्षण काय, हे मला आता विचारायचं नव्हतं. सांगायचं होतं ते एवढंच: बाबा रे, दिवा लागला तर तुमच्यापैकी एकानं तरी समोर बघा.