दोरीपलीकडचे चाळीस दिवस

माझ्या नणंदेला सगळं बंदर दोरीबाई म्हणतं. तोंडावर नाही हं, तोंडावर म्हणायची कुणाची टाप आहे! परक्या जहाजावर रोगराई आहे का ते बघायचं, हे वन्संचं काम. धक्क्यावर आडवी जाड दोरी बांधलेली. पलीकडे जहाजवाले, अलीकडे आपण. पाण्याची पिंपं, धान्य दोरीपलीकडच्या फरशीवर ठेवायचं, मागे यायचं, मग त्यांनी येऊन उचलायचं. चाळीस दिवस कुणी आजारी पडलं नाही तर दोरी सुटते. मधेच आपल्यातल्या कुणी त्यांना हात लावला, तर तोही पलीकडचा झाला. वीस वर्षांत वन्संनी कुणाला सूट दिली नाही. बंदराच्या साहेबांची टोपी वाऱ्याने पलीकडे उडाली, तर त्यांनाही बोडक्यानं घरी पाठवलं.

पश्चिमेला नुसतं पाणी आहे, असं आम्ही शाळेत घोकलं होतं. एका सकाळी त्या पाण्यातूनच जहाज आलं. एकोणीस माणसं, बाया आणि पुरुष, आणि बोलणं असं की एक शब्द कळेल तर शपथ. त्यांनी फरशीवर आपला नकाशा ठेवला. त्यात आमचा अख्खा मुलूख कोरा. आमच्या नकाशात त्यांचा कोरा होताच. एवढी मोठी गोष्ट घडली, पण गावाला धडकी भरली ती रोगाची. जहाज पेटवून द्या म्हणत माणसं रॉकेलचे डबे घेऊन फाटकाशी येऊन उभी राहिली.

आमचे हे, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, फरशीवर पाणी पोचवायचे. सहाव्या दिवशी ह्यांचं नाक लालेलाल झालेलं. मी म्हटलं, आज घरी बसा. "साधं पडसं आहे गं," म्हणाले आणि निघाले. जेवणाचा डबा विसरून गेले, म्हणून मी मागोमाग धक्क्यावर गेले.

ह्यांनी पिंप ठेवलं आणि मागे वळले. पिंप उचलायला आलेल्या बाईचा पाय शेवाळावर सटकला आणि ती धक्का नि जहाज यांच्या फटीत पडली. ह्यांनी मागचा पुढचा विचार केला नाही. धाडकन उडी मारली, तिला वर काढलं, पाठीवर थापट्या मारून पोटातलं पाणी काढलं. आणि मग मान वर केली, तर समोर वन्सं.

"हात लावलास?"

"बुडत होती ताई!"

"लावलास. ताप आहे? पुरळ? जुलाब? उलटी?"

"नाही."

वन्संच्या यादीत सात रोग होते, त्यात पडसं नव्हतं. पडशाला कोण रोग म्हणतं?

"मग चढ जहाजावर. चाळीस दिवस आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचे."

मी किंचाळले. काय वाट्टेल ते बोलले, सख्ख्या भावाला मारायला निघालात म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण दोरी खाली आली नाही. मग त्या फाटकाकडे गेल्या आणि रॉकेलवाल्यांना म्हणाल्या, "आता माझा भाऊ आहे तिथे. पेटवायचंय? आधी मला पेटवा." कुणी पुढे आलं नाही.

नव्या मोजणीच्या पाचव्या दिवशी जहाजावरून खोकला ऐकू यायला लागला, एकाचा, मग पाचांचा. सातव्या दिवशी पहिलं प्रेत समुद्रात सोडलं, ह्यांनी वाचवलेल्या बाईचं. गाव म्हणालं, बघा, आणलाच की नाही रोग! मी रोज दोरीशी उभी राहायचे आणि वन्संशी एक शब्द बोलायचे नाही. त्या रोज सकाळी ओरडून तेच प्रश्न विचारायच्या.

दहाव्या दिवशी हे कठड्याला धरून उभे राहिले. "ताई, मी ठणठणीत आहे. मला काही नाही झालं गं. ह्या लोकांनाच झालंय. माझं पडसं झालंय ह्यांना, ह्यांच्या अंगाला ते ठाऊकच नाही."

वन्सं मटकन खाली बसल्या. इतकी वर्षं त्यांनी एकच पाहिलं होतं, तिकडून इकडे काय येतं ते. इकडून तिकडे काय जातं, हे ना त्यांना सुचलं, ना कुणाला. साहेब म्हणाले, "बोलू नका कुठे, रोग त्यांचाच होता म्हणू." वन्सं उठल्या, फाटकाशी गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "रोग आपला आहे." लोकांनी शिव्या घातल्या. त्यांनी ऐकून घेतल्या.

त्या जहाजवाल्यांनी ह्यांना समुद्रात फेकलं असतं तर कोण बोलणार होतं? नाही फेकलं. हे त्यांना पाणी पाजत राहिले आणि सहाजणांना पाण्यात सोडताना स्वतःही हात लावत राहिले.

शेवटचा खोकला थांबला, तिथून पुन्हा मोजून चाळिसावा दिवस आला. मी ह्यांचा धुतलेला सदरा घेऊन गेले होते. वन्संनी स्वतः दोरी सोडली. हे फरशीपर्यंत आले आणि थांबले.

"एकोणीस आली होती, तेरा उरली. त्यातली चार धड उभी राहत नाहीत. शिडं ओढायला माणसं नाहीत, ताई. घरी कशी जाणार?"

"आणि मी?" मी ओरडले.

हे माझ्याकडे बघू शकले नाहीत. वन्संकडे बघत राहिले. ताईनं नाही म्हटलं की ह्यांनी लहानपणापासून कधी काही केलं नव्हतं. मी वन्संचा हात घट्ट धरला. "नाही म्हणा. तुमच्या पाया पडते, नाही म्हणा."

"जा," वन्सं म्हणाल्या.

मी सगळ्यांदेखत त्यांच्या थोबाडीत मारली. त्यांनी गालाला हातसुद्धा लावला नाही. रडत होत्या. "जाऊन भेट त्याला," म्हणाल्या. "पण आधी मला खरं सांग, तुला सर्दी आहे?"

माझं नाक वाहत होतं, घसा बसला होता. सकाळपासून रडत होते म्हणून, की दुसरं काही, मला स्वतःला सांगता येईना. हे दहा पावलांवर उभे होते, दोन्ही हात पुढे करून. त्यांच्यामागे कठड्याला ती तेरा माणसं.

मी सदरा वन्संच्या हातात दिला आणि होते तिथेच उभी राहिले.