तळातला घड

द्राक्षांची पेटी उघडली की त्यांचा हात सरळ तळाशी जायचा. वरच्या टपोऱ्या घडांकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. बाही सारून मनगटापर्यंत हात आत घालायचे, अगदी खालचा घड बाहेर काढायचे, उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, "ताई, वरचं मला दाखवू नका."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो लग्नाच्या पंगतीतसुद्धा धड बसत नाही. आमचे हे साहेब मूळचे आमच्याच भागातल्या सायखेड्याचे. नोकरी आखातातल्या एका देशात, आपल्या वकिलातीच्या व्यापार विभागात. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा नाशिकजवळच्या एका द्राक्ष सोसायटीत पॅकिंगवर देखरेख करायची. लोक दिवाळीला सुट्टी काढतात, हे द्राक्षाच्या हंगामात काढायचे आणि घरी पिशवी टाकून थेट आमच्या शेडमध्ये हजर. खुर्ची दिली तर तिच्या पाठीला धरून उभे राहायचे, नाहीतर दारापर्यंत येरझाऱ्या घालायचे. चहा मात्र हमखास मागायचे आणि हमखास गार करायचे. त्या गार चहाचा मला मनापासून राग यायचा.

लोकांना वाटायचं, वकिलात म्हणजे व्हिसा आणि मेजवान्या. साहेब दिसले की कुणी ना कुणी भाच्याला तिकडे चिकटवायचं काढायचंच.

"मी माणसं नेत नाही हो," ते वैतागून म्हणायचे. "मी तिथल्या व्यापाऱ्यांच्या दारात जातो. आमची द्राक्षं बघा, कांदा बघा, मालेगावचं कापड बघा म्हणतो. पटलं तर घेतात, नाहीतर चहा पाजून वाटेला लावतात."

"तिथला तरी चहा पिता का?" मी एकदा विचारलं. ते नुसते हसले.

एवढी चुळबुळ कशाची, ते एकदा त्यांनीच सांगितलं. वकिलातीतल्या मेजवानीत एक मोठा व्यापारी सगळ्यांदेखत त्यांना म्हणाला होता, तुमच्या देशाचा माल वर एक असतो आणि खाली एक. तो ज्या पेट्यांवरून बोलला, त्या नाशिकच्या नव्हत्याच. "पण तिथं नाशिक कुणाला ठाऊक आहे, ताई? तिथं आपण सगळे एकच. तेव्हापासून खुर्ची टोचते बघा."

मोठ्या खटपटीनं त्यांनी त्याच व्यापाऱ्याला आमच्या द्राक्षांसाठी राजी केलं. ही पहिली खेप नापास झाली तर ते दार आपल्याला कायमचं बंद होणार, हे शेडमधल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. बायकांनी जीव ओतून पेट्या भरल्या. किडका मणी दिसला की कातर चालायची. तळातल्या घडावर तर सगळ्यांचा डोळा.

आणि गाडीचं दार लागायच्या आधी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या हौसाबाईंनी काय करावं? शेवटची पेटी उघडली, वरच्या घडाला हळदकुंकू लावलं, मूठभर तांदूळ घातले आणि झाकण नीट बसवून टाकलं. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी चक्क ओटी भरली. मी तेव्हा ड्रायव्हरशी वाद घालत होते. मला पत्ताच नाही.

बंदरापर्यंत गाडीतून आणि पुढे जहाजानं माल तिकडे पोचला. आणि नेमकी तीच पेटी सगळ्यात आधी उघडली गेली.

महिन्याभरात, त्याच हंगामात, सुट्टी काढून साहेब शेडमध्ये शिरले ते तणतणतच. "घडावर लाल डाग, खाली फुगलेले तांदूळ! तो व्यापारी विचारतो, हे विष आहे की अळ्या? म्हणाला, सगळी खेप परत न्या."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! तो घड तिथंच त्याच्यासमोर खाल्ला, कुंकवासकट. आणि म्हटलं, आता वाटेल ती पेटी उघडा, पण तळातून उघडा."

त्यानं खरंच उघडल्या. वर जे होतं तेच खाली होतं. खेप त्यानं ठेवून घेतली. आमच्या बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, पण साहेबांचा पारा उतरला नव्हता.

"कुणी केलं ते?"

हौसाबाई कातर ठेवून पुढे आल्या. "म्या केलं सायेब. लेक पयल्यांदा घराभाईर चालली, तिला रिकामी कशी धाडू? तिथं तिचं कोन हाय?"

साहेबांनी खुर्ची ओढली आणि ते चक्क बसले.

"म्या हाय की तिथं, मावशे," ते हळूच म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून सायखेड्याची बोली मी पहिल्यांदाच ऐकली. त्या दिवशी त्यांनी चहा गरम प्यायला.

पुढे रीतच पडली. हंगामाच्या पहिल्या गाडीला एका पेटीची ओटी भरायची, पण ती पेटी पाठवायची नाही, शेडमध्येच वाटून खायची. साहेब उभ्या उभ्या खायचे, तळातला घड.

एका हंगामात ते आलेच नाहीत. एका व्यापाऱ्याच्या दुकानाच्या पायऱ्या चढताना तिकडेच छातीत कळ येऊन ते गेले, असं त्यांच्या भावानं येऊन सांगितलं. पहिली गाडी दारात भरून उभी होती. हौसाबाईंनी ओटीची पेटी पुढ्यात घेतली, कुंकवात बोट बुडवलं आणि तशाच थांबल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "आता तिथं तिचं कोन हाय?"

मी पेटीच्या तळाशी हात घातला, खालचा घड काढून उजेडाकडे धरला. एकही मणी खराब नव्हता. आणि मला रडू फुटलं.