लेनाची साडेतीन वर्षं

आमच्या कॉपर बे गावात माणसाची पारख त्याच्या लाकडांवरून होते. येत्या हिवाळ्याची लाकडं मे महिन्यातच फोडून, रचून झाली असतील तर माणूस बरा. त्याच्या पुढच्या हिवाळ्याचीही झाली असतील तर तो नक्की हापालांच्या घरचा. वेस हापाला गावचा बर्फ सारायचा ट्रक चालवतो आणि बर्फ पडायच्या अर्धा तास आधीच ट्रकमध्ये जाऊन बसतो. त्याची मुलगी लेना जन्मालाही तीन आठवडे आधी आली. डॉक्टर काळजीत होते. वेसला मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही.

लेना आठ वर्षांची असताना दातांच्या डॉक्टर ऑरविल ट्रेम्बाथनी तिचा दुधाचा दात काढला. बाकीची मुलं अशा वेळी रडतात किंवा आईस्क्रीम मागतात. लेनाने रक्ताळलेला कापूस बाजूला करून विचारलं, "खालचा तयार आहे ना, का उगाच घाई केलीत?" ट्रेम्बाथ हे अजून सांगतात, आणि समोरच्याच्या तोंडात आरसा घालून सांगतात, म्हणजे त्याला मध्ये बोलता येत नाही.

पंधराव्या वर्षापासून ती दर शनिवारी त्यांच्या दवाखान्यात हत्यारं धुवायला जायची. तोंडात चार बोटं आणि एक नळी असलेल्या माणसाशी गप्पा मारायची कला तिने तिथेच कमावली. माणूस "आँ, ओ" म्हणायचा आणि ती म्हणायची, "हो ना, तुमच्या मेव्हण्याला तरी कुठे कळतं." आणि बहुतेक वेळा विषय खरंच मेव्हण्याचा असायचा.

सत्तर मैलांच्या टापूत ट्रेम्बाथ हे एकटेच दंतवैद्य. लेना कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात गेली तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. एका शनिवारी हातमोजे काढता काढता ते तिला म्हणाले, "दवाखाना तुला द्यायचा असं मी ठरवलंय. पण वाकून वाकून आखडलेल्या माझ्या मानेला विचारलं, ती सहा वर्षं म्हणते. सातवं मागू नकोस."

"सहा पुरे," लेना म्हणाली. "उलट थोडी उरतील."

मी कॉलेजात रसायनशास्त्राचं कोठार सांभाळतो. चंचुपात्रं देतो, फुटली की नावं लिहून ठेवतो. त्याच ऑक्टोबरात लेना प्रयोगशाळेचा चष्मा न्यायला आली आणि माझ्या टेबलावर तिने एक लांबलचक कागद उलगडला. हरणाचं मांस गुंडाळून गोठवायला आम्ही वापरतो तो पांढरा कागद, हातभर रुंद. त्यावर सगळं आयुष्य आखलेलं, टोकाला ट्रेम्बाथच्या मानेची सहा वर्षं. रसायनशास्त्र झालं, जीवशास्त्र झालं, भौतिकशास्त्र चालू. जूनमध्ये दंतवैद्यकाचे अर्ज उघडतात त्याच आठवड्यात अर्ज, जुलैत प्रवेशपरीक्षा. आणि पुढच्या डिसेंबरात, म्हणजे चारऐवजी साडेतीन वर्षांतच, पदवी.

"डॅडने पार्टीसाठी गावचा फिनिश हॉल राखून ठेवलाय," ती म्हणाली. "चौदा डिसेंबर. व्हर्न, तुम्ही यायचंय."

"चौदा महिने आधी?"

"डॅडच्या मते उशीरच झाला."

मी कागदावरून बोट फिरवत होतो ते येत्या वसंताच्या सत्रावर थांबलं. तिथे लिहिलं होतं, बायोकेमिस्ट्री.

"हे कुणाकडे शिकणार आहेस?"

"बर्निस क्वेडकडे. अजून कोण आहे?"

"माझा फ्रीझर रिकामा आहे. त्या प्रयोगांची एन्झाइम यंदा मी मागवलेलीच नाहीत," मी म्हणालो.

लेनाला याचा अर्थ लागेना. मग मी तिला सांगितलं. आमचं कॉलेज लहान. बर्निस क्वेड एकटी, विषय दोन. एका वसंतात ती बायोकेमिस्ट्री शिकवते, पुढच्या वसंतात माती-पाण्याचं रसायनशास्त्र. बावीस वर्षं हे असंच चाललंय आणि सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. कॉलेजच्या पुस्तकात नुसतं 'वसंत सत्र' एवढंच छापलंय. गेल्या वसंतात बायोकेमिस्ट्री होऊन गेली. आता ती येणार लेनाच्या चौथ्या वर्षीच्या वसंतात. म्हणजे पदवी घेऊन ती बाहेर पडल्यावर महिन्याभराने. आणि तिला हव्या असलेल्या दंतमहाविद्यालयाला हा विषय हवाच होता, तोही हाताने प्रयोग करून, घरबसल्या संगणकावर केलेला नव्हे.

दुसरं कुणी असतं तर तिथेच रडलं असतं. लेनाने कागदाची सुरळी केली आणि माझी बाही धरून मला वरच्या मजल्यावर नेलं.

बर्निस पास्टी, म्हणजे आमच्याकडची मांस-बटाट्याची मोठी करंजी, खात होती. दंतवैद्यकाला जाणाऱ्या मुलांना सल्ला देणं हे तिचंच काम. तिने घास न थांबवता कागद वाचला.

"आत्तापर्यंत माझ्याकडे किती वेळा आलीस?" तिने विचारलं.

"एकदाही नाही, प्रोफेसर. तुम्हाला त्रास कशाला द्यायचा?"

"हापाला," बर्निस म्हणाली, आजाराचं नाव घ्यावं तशी. "बरं, आता काय करणार आहेस?"

"उन्हाळ्यात खाली दक्षिणेला मोठ्या विद्यापीठात जाते. तिथे आठ आठवड्यांत होते बायोकेमिस्ट्री."

"जूनमध्ये अर्ज, जुलैत परीक्षा, आणि मधल्या रिकाम्या वेळात बायोकेमिस्ट्री. झोप कुठल्या सत्रात घेतलीयस?"

लेना कागदावर झोपेसाठी जागा शोधू लागली.

"मला एक सांग," बर्निसने पास्टी खाली ठेवली. ती पास्टी खाली ठेवते तेव्हा मामला गंभीर असतो. "डिसेंबरात पदवी मिळाली तर दंतमहाविद्यालय तुला जानेवारीत घेणार आहे?"

"नाही. ऑगस्टमध्ये."

"आणि मे महिन्यात मिळाली तर?"

"ऑगस्टमध्येच," लेना हळूच म्हणाली.

"मग ते सहा महिने वाचवून तू ठेवणार कुठे होतीस?"

लेनाने कागदावरच्या 'डिसेंबर'वर अंगठा ठेवला.

"मे महिन्यापर्यंत थांब," बर्निस म्हणाली. "शेवटच्या वसंतात बायोकेमिस्ट्री घे. एका सत्रात सहा विषय कोंबू नकोस, चार घे आणि चारांत चांगले गुण आण. जूनमध्ये ते बघणार तुझे गुण. तू किती लवकर संपवलंस याला तिथे रकाना नाही."

"पण अर्जाच्या वेळी बायोकेमिस्ट्री झालेली नसेल."

"अर्जात पुढे घ्यायच्या विषयांची जागा असते. तिथे लिहायचं, घेणार आहे म्हणून."

लेनाचा चेहरा पडला तो इथे. "न केलेलं काम लिहायचं?"

"सगळे लिहितात."

"आमच्याकडे नाही लिहीत. आमच्याकडे मासा टोपलीत पडल्याशिवाय त्याचं नावही घेत नाहीत."

"मग टोपली घेऊन घरी बस," बर्निस म्हणाली. "आणि ट्रेम्बाथना सांग, मानेची समजूत घाला, सातवं वर्ष लागणार आहे."

खरी परीक्षा घरी होती. त्या संध्याकाळी वेस गराजमध्ये ट्रकच्या पात्याला ग्रीस लावत होता, बर्फाला अजून महिना होता. लेनाने सगळं सांगितलं. मी दारात उभा होतो, कारण तिने मला साक्षीदार म्हणून आणलं होतं.

"म्हणजे उशीर," वेस म्हणाला.

"उशीर नाही, डॅड. वेळेवर."

"तेच ते." त्याने पात्याला आणखी ग्रीस लावलं. "गावाला काय सांगू? हॉल ठरवलाय."

"सांग की मुलीने घाई केली होती आणि व्हर्नच्या फ्रीझरने पकडली."

"हे तू ठरवलंस की त्या बर्निसने?"

"तिने दाखवलं. ठरवलं मी. डिसेंबरात मी बाहेर पडले तर एका विषयासाठी वर्ष जाईल, आणि डॉक्टर थांबणार नाहीत. मला तो दवाखाना हवाय, डॅड. पार्टी नाही."

वेसने फडक्याला हात पुसले. "मे महिन्यात हॉलला भाडं कमी असतं," तो म्हणाला. आमच्याकडे याला आशीर्वाद म्हणतात.

डिसेंबरात पदवी मिळावी म्हणून आधीच भरून ठेवलेला अर्ज तिने दुसऱ्या दिवशी मागे घेतला. पुढचं वर्ष तिने हापालांच्या मानाने लाजिरवाण्या संथपणे काढलं. रात्री झोपायची, रविवारी मासे धरायची, शनिवारी हत्यारं धुवायची. जूनमध्ये अर्ज भरायला मात्र माझ्या कोठारात येऊन बसली. 'बायोकेमिस्ट्री' लिहून समोर 'वसंतात घेणार' असं टंकायला तिला वीस मिनिटं लागली. "खोटं बोलल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. मी म्हटलं, "एन्झाइमची मागणी मी कालच नोंदवलीय. आता तूच मागे हटलीस तर खोटी ठरशील." मग तिने बटण दाबलं.

डिसेंबरच्या मध्याला, शनिवारी, मी ट्रेम्बाथच्या खुर्चीत उताणा पडलो होतो, दाढेत भोक, ओठ बधीर. लेना नळी धरून उभी. तिच्या खिशातला फोन थरथरला. तिने नळी माझ्याच हातात दिली, हातमोजा काढला आणि वाचलं.

"जागा मिळाली," ती म्हणाली. "अट एकच. वसंतात बायोकेमिस्ट्री पास व्हायची."

"होशील?" ट्रेम्बाथनी मान न वळवता विचारलं. ती वळतच नाही हल्ली.

"होईन."

"मग इथे कधी येणार?"

"ऑगस्टपासून चार वर्षं. आजपासून साडेचार धरा."

ट्रेम्बाथनी मनातल्या मनात मानेशी हिशेब केला. "जमतं," ते म्हणाले. "नवा हातमोजा घाल. हा बिचारा केव्हाचा आ करून बसलाय."