बारा मिनिटांचं रेकॉर्डिंग

माझा मामा ताकही फुंकून पितो. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने तसं करावं हे ठीक, पण मामाचं तोंड कधी पोळल्याचं आमच्यात कुणाच्या ऐकिवात नाही. तो जन्मल्यापासूनच फुंकत आला असावा. चौतीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. दुरुस्ती झाली की आधी स्वतः एकटा आत शिरायचा, तीन वेळा वरपर्यंत जाऊन यायचा आणि मगच लोकांना सोडायचा. निवृत्त होताना कंपनीने त्याला घड्याळ दिलं आणि त्याने मागून घेतली ती एक पत्र्याची पाटी: ‘काम चालू आहे. बटण दाबू नये.’ घरातला दिवा बदलायचा असला तरी ती पाटी बटणावर टांगली जाते. मामी म्हणते, “बरं आहे, माझ्या गळ्यात नाही अडकवत.”

मामी हॉस्पिटलच्या मागच्या वर्कशॉपमध्ये कृत्रिम पाय बनवते. माणसाच्या मांडीवर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा, त्यावरून, मांडी जिच्यात बसते ती पायाची खोबण ओतायची आणि मग ती तासत बसायचं, कारण अर्धा मिलिमीटर चुकला तर आठ दिवसांत कातडी सोलून निघते. तिच्या नखांच्या कडा कायम पांढऱ्या असतात. बाई असून हे काम, तेही त्या काळात शिकली, म्हणून घरात तिचं कौतुक होतंच. पण त्याहून जास्त कौतुक मामाचं. ‘असा नवरा मिळायला भाग्य लागतं, बायकोला शिकायला अकरा महिने परगावी पाठवलं’, हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी प्रत्येक मुलाला मनातल्या मनात मामाच्या शेजारी उभं करून बघायचे. त्यात बरीच मुलं बाद झाली. आणि हे वाक्य सगळ्यांत जास्त कोण म्हणायचं, तर मामीच.

गेल्या वर्षी एका स्थानिक चॅनेलची माणसं वर्कशॉपमध्ये आली. कामकरी बायकांवर त्यांची मालिका चालू होती, त्यात मामीला बारा मिनिटं मिळाली. तिने घरी येऊन सांगितलं, तेही भांडी आवरता आवरता. कार्यक्रम गुरुवारी दुपारी तीन वाजता, एकदाच दाखवणार. पुन्हा दाखवाल का, असं मामाने फोन करून विचारलं तर तिकडचा माणूस म्हणाला, “काका, टेपा कमी आहेत. त्याच टेपेवर आम्ही पुढचा भाग घेतो.”

आणि गुरुवार म्हणजे मामीकडे पेशंटला पाय बसवून बघायचा दिवस. लांबून एक गवंडी येणार होता, पाच महिने कुबड्यांवर असलेला.

“एक दिवस रजा टाक,” मी म्हणाले.

“त्याला पाय देऊ की स्वतःचं तोंड बघत बसू?” मामी म्हणाली. पण थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “मी काय बोलले ते मला धड आठवतही नाही गं. दिवे डोळ्यांवर होते. बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.”

मामा ते ऐकत होता. त्याने चौकटींच्या वहीचा कागद फाडला आणि पेन शोधायला उठला. त्यांच्याकडे व्हिडिओ कधी नव्हताच. शेजाऱ्यांचा मागून आणता आला असता, पण टेपेला बुरशी लागते हे मामाला माहीत होतं. कॉम्प्युटर मात्र होता. परदेशातल्या लेकीशी इंटरनेटवरून बोलण्यासाठी दोन वर्षांपूर्वी घेतलेला. टीव्ही ट्यूनर कार्ड नावाची वस्तू त्यात बसवली की टीव्ही कॉम्प्युटरवर दिसतो आणि रेकॉर्डही होतो, हे त्याने मासिकात वाचलं होतं. हातात सोळा दिवस होते. दुसरा कुणी संध्याकाळी जाऊन कार्ड घेऊन आला असता. मामाने आधी दोन दिवस कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत कार्डासाठीच्या किती पांढऱ्या खाचा रिकाम्या आहेत ते मोजलं. दोन होत्या. तिसऱ्या दिवशीही दोनच निघाल्या.

दुकानात मी बरोबर गेले. मी शाळेत गणित शिकवते, तेवढ्यावर मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा मामाचा समज आहे आणि तो मोडण्याइतकी मी प्रामाणिक नाही.

दुकानदाराने आधी एक काळा डबा पुढे केला. “काका, हा न्या. कॉम्प्युटर चालू करायचीही गरज नाही. मॉनिटरला जोडा, टीव्ही बघा.”

“रेकॉर्ड होतं?”

“चित्र एकदम झकास येतं.”

“रेकॉर्ड होतं का?”

“रेकॉर्ड... नाही होत तसं.”

मामाने कागदावर एक ओळ खोडली. मग दोन कार्डं आली. एकाला रिमोट होता, रेडिओ लागत होता, खोक्यावर हसरं कुटुंब होतं. मला तेच आवडलं. मामाने चष्मा कपाळावर चढवून खोक्याच्या तळाची बारीक अक्षरं वाचली. त्या कार्डाला हवा होता तेवढा वेग त्याच्या कॉम्प्युटरला नव्हता.

“चालून जाईल हो,” दुकानदार म्हणाला.

“चालून जाईल म्हणणाऱ्याला आम्ही लिफ्टच्या खोलीत पाय ठेवू देत नव्हतो,” मामा म्हणाला आणि त्याने दुसरं, बिनरिमोटचं, साध्या खोक्यातलं कार्ड घेतलं. मला तेव्हा त्याचा रागच आला. आता वाटतं, दुकानात त्याने एकही चूक केली नाही.

कार्ड बसवलं रविवारी. पाटी टांगली गेली. मामाने आधी कॉम्प्युटरच्या लोखंडी अंगाला हात लावला, अंगातली वीज उतरावी म्हणून. मग मागची पत्र्याची पट्टी काढली आणि कार्ड दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबत खाचेत बसवलं. कार्डातून आवाज बाहेर काढायला एक वीतभर वायर होती, ती साउंड कार्डाच्या निळ्या भोकात गेली. मग केबलची वायर जोडली आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. दोन दिवसांनी खिडकीबाहेर कुणीतरी पीळ देऊन चिकटपट्टी लावलेला एक जोड सापडला, तो नीट केल्यावर चित्र आलं, पण आवाज नाही. सेटिंगमधल्या यादीतून आपला देश निवडायचा होता, तो निवडायचाच राहिला होता. तो निवडला आणि बातम्या देणारी बाई एकदम खोलीभर बोलायला लागली. मामाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याच्या निवृत्तीच्या समारंभातही बघितलं नव्हतं.

मग चाचण्या. तीन, अर्थातच. रेकॉर्डिंग चालू झालं की मामा पाटी दाराला लावायचा आणि मी आणि मामी परीक्षेला बसल्यासारख्या गप्प. मामी शिंक आली तरी बाहेर जायची. तिन्ही वेळा रेकॉर्डिंग चालवून बघितलं. चित्र स्वच्छ, आवाज ऐकू येणारा. थोडा विहिरीतून आल्यासारखा वाटत होता.

“हा आवाज असा का?” मामा म्हणाला.

“अरे, टीव्हीचा आवाज आहे तो, गाण्याची मैफल नाही,” मी म्हणाले. “पुरे आता. उगाच खुसपटं काढत बसू नकोस.”

आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्याच्या म्हणण्यावर थांबला, आणि तेही माझ्या.

गुरुवारी मी शाळेतून थेट गेले. मामाने दार उघडलं. डोळे लाल दिसत होते. “झालं रेकॉर्ड,” एवढंच म्हणाला. “लावून बघितलंस?” तर म्हणाला, “नाही. तिच्याबरोबर बघेन.”

साडेसहाला मामी आली. गवंडी चालला होता, समांतर दांड्यांच्या मधून बावीस पावलं. ते सगळं सांगून झालं, चहा झाला, मग आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो आणि मामाने रेकॉर्डिंग लावलं.

चित्र आलं. वर्कशॉप, शेल्फवर ओळीने साचे, मग मामी, निळा ॲप्रन. तिचे ओठ हलायला लागले. पण आवाज आला तो खुर्ची करकरल्याचा. मग कुणीतरी खाकरलं. खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न.

मामाने स्पीकर वाढवला. आतून त्याचाच आवाज आला, मोठा, स्पष्ट: “आली.”

घोडं कुठे पेंड खात होतं ते मला दोन मिनिटांत कळलं. रेकॉर्डिंगला आवाज कुठून घ्यायचा ते कॉम्प्युटरमध्ये आधीपासून ठरलेलं होतं: लेकीशी बोलायचा छोटा माइक. तो टेबलावरच उभा होता. चाचण्यांच्या वेळी स्पीकरमधला टीव्हीचा आवाज खोलीत फिरून त्या माइकमध्ये शिरत होता, म्हणून विहिरीतून आल्यासारखा. आणि आज, खऱ्या दिवशी, एकही शब्द निसटू नये म्हणून मामाने हेडफोन लावला होता. लिफ्टच्या मोटारींनी त्याचे कान अर्धे नेलेत. हेडफोन जोडला की स्पीकर बंद. माइकला ऐकायला खोलीत उरला फक्त मामा.

मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघवेना. सोळा दिवस राबला होता तो. बारा मिनिटांतलं मामीचं एक अक्षर त्यात नव्हतं आणि टेपेवर आता दुसऱ्या कुणाचा तरी भाग चढला असेल. मला त्या ‘पुरे आता’ची इतकी लाज वाटली की मी मान खालीच घातली.

मामी मात्र हसायला लागली. “असू दे हो! चित्र तर आलंय. बघता बघता मला आठवतंय, मीच सांगते मी काय बोलले ते.” आणि ती खुर्ची पुढे ओढून पडद्यातल्या स्वतःला बोलतं करायला लागली. “हे साच्याबद्दल... इथे त्या चॅनेलवालीने विचारलं, हात दुखत नाहीत का...” मधूनमधून स्पीकरमधला मामा बोलत होता. “हात कुठे ठेवावे कळत नाहीये तिला.” “छान सांगतेय.” हेडफोन घातलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतोय ते कळत नाही, बोलतोय हेही कळत नसावं. मामा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता. मला हसू आवरत नव्हतं.

“हां, इथे तिने विचारलं, घरून विरोध नाही का झाला,” मामी म्हणाली. “मी म्हटलं, छे, माझ्या मिस्टरांनी मला कधीच अडवलं नाही.”

“अडवलं,” स्पीकर म्हणाला.

मामीचं तोंड तसंच उघडं राहिलं.

“खोटं बोलतेय ती. अडवलं होतं मी. पत्र आलं होतं तिला ट्रेनिंगचं, मी नाही म्हटलं. घर कोण बघणार म्हटलं.” खुर्ची करकरली. “काय होतं घरात बघण्यासारखं? दोन खोल्या. दोन वर्षं बसली ती घरात. दुसऱ्यांदा पत्र आलं, तेव्हाही माझ्या सासऱ्यांनी सांगितलं म्हणून हो म्हटलं मी.”

मामाचा हात माउसकडे गेला. मामीने तो हात वरून धरला. “राहू द्या,” ती म्हणाली. “मला ऐकायचंय.”

पडद्यावर मामी कुणाच्यातरी गुडघ्याचा स्क्रू आवळत होती. स्पीकरमधून आवाज आला, आता बारीक: “सगळ्या जगासमोर का सांभाळून घेतेस मला? मी एकदाही चुकलो म्हटलं नाही तुला.” मग नाक ओढल्याचा आवाज. मग कार्यक्रम संपला.

मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं. ज्या माणसाच्या शेजारी उभी करून मी मुलं बाद केली, तो माझ्यापुढे मांडीवर हात ठेवून बसला होता. तो मला कमी वाटला का? नाही वाटला. राग आला, तो दोघांचाही आला. त्याचा न बोलल्याबद्दल आणि तिचा इतकी वर्षं त्याच्या वाटचं बोलत राहिल्याबद्दल.

“वाया गेलं सगळं,” मामा शेवटी म्हणाला. “तुझा एक शब्द नाही त्यात.”

“माझे शब्द मला पाठ आहेत,” मामी म्हणाली. “सव्वीस वर्षं तेच बोलतेय. हे मात्र मी आज पहिल्यांदा ऐकलं.”

तिने डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत काही नव्हतं. तिने कप गोळा केले आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तिथे थांबली.

“आणि दोन वर्षं नाही,” ती म्हणाली. “दोन वर्षं चार महिने.”

मामाने तिच्याकडे बघितलं.

“चार महिने,” तो म्हणाला. “हो.”